रानवेलीच्या खुंटावर द्राक्षाचे कलम

द्राक्षाची पक्व काडी ओल्या जमिनीत खोवली की तिला मुळे फुटतात. आंब्याचे तसे नाही. हापूसची कोय लावून हापूसच मिळेल अशी खात्री नसते, म्हणून रायवळ कोयीच्या रोपावर हापूसची काडी बांधावी लागते. द्राक्षाच्या बाबतीत ही अडचण कधीच नव्हती. छाटणीत निघालेल्या काड्यांतून निरोगी काड्या निवडाव्या, त्यांचे तीनचार डोळ्यांचे तुकडे करावे, ते वाफ्यात लावावे आणि मुळे धरल्यावर बागेत न्यावे, ह्या सोप्या रीतीने महाराष्ट्रातील द्राक्षाचे क्षेत्र वाढत गेले. मग जी वेल स्वतःच्या मुळांवर सुखाने उभी राहते, तिला परक्या देशातील रानवेलीच्या खुंटावर बांधण्याचा खटाटोप कशासाठी करावयाचा, असा प्रश्न नवीन बागाइतदार विचारतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे थोडक्यात उत्तर असे की, आंब्यात कलम करतात ते झाडाच्या वरच्या अंगासाठी. द्राक्षात ते करावे लागते खालच्या अंगासाठी. थॉमसन किंवा सोनाका ह्या जातींच्या घडांत उणे काही नाही. उणीव आहे ती त्यांच्या मुळांत.

थॉमसनची मुळे नाजूक असतात. मुरमाड, निचऱ्याच्या जमिनीत आणि विहिरीच्या गोड पाण्यावर ती उत्तम काम करतात. १९६० नंतरच्या काळात बिनबियांच्या ह्या जातीचा प्रसार झाला, तेव्हा बहुतेक बागा अशाच निवडक जमिनींत होत्या. पुढे क्षेत्र वाढले आणि बागा काळ्या, भारी व चुनखडीच्या जमिनींत उतरल्या. विहिरींचे पाणी आटले तशा विंधनविहिरी आल्या; त्या जितक्या खोल गेल्या तितके अनेक ठिकाणी पाणी मचूळ लागू लागले. सांगली व सोलापूर जिल्ह्यांच्या कमी पावसाच्या पट्ट्यांत हा अनुभव विशेष आला. पाऊस थोडा असल्यामुळे क्षार धुऊन जात नाहीत, आणि उन्हाळ्यात वेलीस सर्वांत जास्त पाणी लागते तेव्हाच ते सर्वांत जास्त खारे असते.

अशा बागेचे दुखणे एकाएकी दिसत नाही. पहिली तीनचार वर्षे पीक चांगले येते, आणि बागाइतदार मांडवावर केलेला खर्च भरून निघेल ह्या भरवशावर असतो. त्यानंतर एप्रिलच्या खरड छाटणीनंतर फूट मागेपुढे होऊ लागते. जुन्या पानांच्या कडा प्रथम पिवळ्या पडतात व मग तपकिरी होऊन करपतात. काडी बारीक राहते, पेरे आखूड पडतात, ऑक्टोबर छाटणीनंतर घड लहान निघतात आणि काही डोळ्यांतून घडाऐवजी नुसती बाळी निघते. बागाइतदार खताची मात्रा वाढवितो. त्या खतातील क्षारांनी दुखणे अधिकच वाढते. पुढे ओळीतील एक वेल सुकते, मग तिच्याशेजारची. पंधरा वर्षे टिकावी अशा हिशेबाने लोखंड व तारा उभ्या केलेली बाग सातव्याआठव्या वर्षी मोडावी लागली, तर त्या कुटुंबावर कर्ज तेवढे शिल्लक राहते. खुंटाचा विचार करावयाचा तो ह्या हिशेबाने.

खुंट आले कोठून

युरोपात कलमाची ही रीत रूढ झाली ती वेगळ्या कारणाने. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समधील द्राक्षबागा अज्ञात रोगाने वाळू लागल्या. १८६८ साली माँपेलिए येथील वनस्पतिशास्त्रज्ञ प्लांशाँ व त्यांच्या सहकाऱ्यांनी वाळलेल्या नव्हे, तर वाळू लागलेल्या वेलींची मुळे उपटून पाहिली, आणि त्यांना त्यांवर पिवळसर, बारीक माव्यासारखे किडे सापडले. हाच फायलोक्झेरा. तो अमेरिकेतून आला होता. लक्षावधी एकर बागा त्याने बुडविल्या. परंतु अमेरिकेच्या रानातील वेली मात्र ह्याच किडीबरोबर पिढ्यान् पिढ्या वाढत आलेल्या असल्यामुळे त्यांची मुळे तग धरीत. तेव्हा मुळे अमेरिकेच्या रानवेलीची आणि वर फळ फ्रान्सच्या जातीचे, अशी जोड बांधण्याची कल्पना पुढे आली. तिला विरोधही पुष्कळ झाला. रानवेलीच्या मुळांमुळे द्राक्षाची चव बिघडेल, अशी तेथील बागाइतदारांना धास्ती होती.

कल्पना खरी ठरली, पण पहिल्याच प्रयत्नात नाही. आणलेल्या रानवेलींपैकी अनेक वेली चुनखडीच्या जमिनींत पिवळ्या पडल्या. म्हणून १८८७ साली प्येर व्हियाला ह्या शास्त्रज्ञास अमेरिकेत पाठविण्यात आले. चुनखडीच्या रानात कोणत्या वेली आपसूक वाढतात, एवढेच त्यास शोधावयाचे होते. टेक्सास राज्यातील डेनिसन येथे राहणारे टॉमस मन्सन रानोमाळ हिंडून द्राक्षवेली गोळा करीत असत. त्यांनी व्हियाला ह्यास चुनखडीत वाढणाऱ्या वेली दाखविल्या, व त्यांतील ‘बर्लांडिएरी’ ही जात पुढे अनेक खुंटांची जननी ठरली. खुंट निवडावयाचा तर आपल्या जमिनीसारखी जमीन ज्या रानात आहे तेथील वेल पाहावी, हा मन्सन ह्यांच्या कामातील धडा आजही उपयोगी आहे.

महाराष्ट्रात सर्वांत जास्त लावला गेलेला डॉगरिज हा खुंट टेक्सासच्याच रानातला. ‘व्हायटिस चँपिनी’ ह्या वेलीची ती निवड होय. आपल्याकडे त्याची गरज पडली ती फायलोक्झेरामुळे नव्हे, तर क्षार, पाण्याचा तुटवडा आणि सूत्रकृमी ह्यांमुळे. १९९० नंतरच्या दशकात त्याचा प्रसार वेगाने झाला. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र स्थापन झाल्यावर खुंटांच्या तुलनेच्या कामास पद्धतशीर रूप आले.

डॉगरिज की ११०-आर

खुंट म्हटला की डॉगरिजच, अशी समजूत अनेक गावांत रूढ आहे. ती तपासून घेतली पाहिजे. डॉगरिजची मुळे जोमदार असतात, ती खोल जातात, क्षार व पाण्याचा ताण सोसतात आणि सूत्रकृमींना दाद देत नाहीत. हलक्या, मुरमाड, पाण्याची ओढ असलेल्या जमिनीत हा जोम वरदान ठरतो. पण जोम म्हणजे पीक नव्हे. भारी जमिनीत, मुबलक पाण्यावर व भरपूर नत्रावर हीच वेल इतकी माजते की, मांडवाखाली ऊन पोहोचत नाही. द्राक्षाचा घड ऑक्टोबरात दिसत असला तरी तो डोळ्यात घडतो खरड छाटणीनंतरच्या दिवसांत, आणि त्या वेळी डोळ्यावर ऊन पडले नाही तर घडाची बाळी होते. शिवाय, चोपणाकडे झुकणाऱ्या जमिनीत डॉगरिजवरील वेलींच्या पानांत काही वर्षांनी पालाश कमी व सोडियम जास्त, असा प्रकार आढळतो.

११०-आर हा बर्लांडिएरी व रूपेस्ट्रिस ह्या दोन रानवेलींचा संकर. नावातील ‘आर’ हे तो तयार करणाऱ्या रिश्टर ह्यांचे आद्याक्षर होय. त्याचा जोम मध्यम, चुनखडी व पाण्याचा ताण सोसण्याची शक्ती चांगली. पुणे भागातील थॉमसनवरील तुलनेत घडांची संख्या व उत्पन्न ह्या दृष्टीने तो डॉगरिजपेक्षा सरस ठरला आहे. लागवडीनंतरची त्याची सुरुवातीची वाढ मात्र डॉगरिजइतकी झपाट्याची नसते, त्यामुळे कलमाच्या वेळेपर्यंत पुरेशी जाड काडी मिळविण्यास अधिक निगा घ्यावी लागते. उतावळ्या बागाइतदाराचे मन तेथेच डॉगरिजकडे ओढले जाते.

निवड करण्यापूर्वी माती व पाणी ह्यांची परीक्षा करून घ्यावी. पाण्याचा नमुना मे महिन्यात घ्यावा. ऑगस्टमध्ये भरलेल्या विहिरीचा नमुना पाठविला तर अहवाल गोड येतो, पण वेलीस प्यावे लागते ते मे महिन्यातले पाणी. मातीचे नमुने वरच्या एका फुटाचा व खालच्या एका फुटाचा असे वेगवेगळे घ्यावे. संपृक्त अर्काची क्षारता सुमारे १.५ डेसिसायमनच्या पुढे गेली की, स्वतःच्या मुळांवरील द्राक्षाचे उत्पन्न घटू लागते. आणि विनिमययोग्य सोडियम १५ टक्क्यांवर असेल तर ती जमीन चोपण होय. अशा जमिनीत खुंट लावून स्वस्थ बसणे चुकीचे ठरेल. निचऱ्याचे चर काढणे, परीक्षेनुसार जिप्सम देणे, मुक्त चुना अधिक असल्यास गंधकाचा विचार करणे, ही कामे लागवडीपूर्वीच झाली पाहिजेत. खुंट क्षार सोसतो, ते नाहीसे करीत नाही.

रोपांच्या खात्रीबद्दलही दोन शब्द आवश्यक आहेत. कोवळ्या रोपांवरून खुंटाची जात ओळखणे सामान्य माणसास कठीण असते. ‘डॉगरिज’ ह्या नावाखाली एकाहून अधिक प्रकारची रोपे विकली जातात. ‘बंगलोर डॉगरिज’ ह्या नावाचीही मिळतात. चूक झाली तर ती कळते पाचसहा वर्षांनी, आणि तेव्हा ती दुरुस्त करता येत नाही. म्हणून रोपे खात्रीच्या रोपवाटिकेतूनच आणावी, पावतीवर खुंटाचे नाव लिहून घ्यावे व ती जपून ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ह्या एका गोष्टीचा आग्रह धरला तरी मोठे काम होईल.

खुंटाची लागवड व निगा

जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत, थंडी ओसरू लागताच, मुळे धरलेली रोपे चरांत लावावी. जुन्या बागेच्या जागी लागवड करावयाची असल्यास जुनी मुळे वेचून काढावी व नवीन ओळी शक्यतो जुन्या दोन ओळींच्या मध्ये आखाव्या. ओळींत ९ फूट व वेलींत ५ फूट अंतर ठेविल्यास एकरी सुमारे ९६८ वेली बसतात. उन्हाळ्यात ठिबकाने नियमित ओल द्यावी. रोपाजवळ बांबू रोवून एकदोन सरळ फुटी त्यास बांधीत जावे व बगलफुटी वरचेवर काढाव्या. ऑगस्टपर्यंत जमिनीपासून एक ते सव्वा फुटावर पेन्सिलीएवढी, म्हणजे ८ ते १० मिलिमीटर जाडीची, सरळ व गोल काडी मिळविणे हे ह्या सहा महिन्यांचे एकच उद्दिष्ट होय.

कलमाचे दिवस

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ कलमास उत्तम. ह्याची कारणे समजून घेतली म्हणजे कामाची घाई का करावी तेही समजते. जोड भरून येण्यास उबदार व दमट हवा लागते; तापमान ३० अंशांच्या आसपास आणि हवेत भरपूर आर्द्रता, ही स्थिती ह्याच दिवसांत असते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कलमकाडी. पीक देणाऱ्या बागेतील काडी एप्रिल छाटणीनंतर सुमारे चार महिन्यांनी पक्व होते, म्हणजे ऑगस्टात. आणि ऑक्टोबर छाटणी झाली की ती पुन्हा मिळत नाही. खुंट तयार, काडी तयार व हवा अनुकूल, हे तिन्ही योग वर्षातून ह्या पाचसहा आठवड्यांतच जुळतात. ते हुकले तर खुंट वर्षभर सांभाळण्याची पाळी येते.

काडी कोणत्या वेलीची घ्यावी हे ऑगस्टात ठरविता येत नाही. ते ठरवावयाचे फेब्रुवारी-मार्चमध्ये, घड वेलीवर असताना. ज्या वेलीवर घड भरपूर, एकसारखे व मणी जातीच्या गुणाचे आहेत, तिच्या खोडास रंगाची खूण करून ठेवावी. खूण न करता काडी आणणे म्हणजे पानांवरून पिकाची परीक्षा करणे होय, आणि पानांचा जोम फसवा असतो. काडी तपकिरी, गोल, भरीव व आत गाभा बारीक असलेली घ्यावी. पाने देठ राखून छाटावी, दोन डोळ्यांचे तुकडे करावे, ते एका लिटर पाण्यात १ ग्रॅम कार्बेन्डाझिम मिसळलेल्या द्रावणात बुडवून काढावे आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावे. शक्य तो त्याच दिवशी काडी वापरावी.

कलम पाचर पद्धतीचे करतात. खुंट ठरलेल्या उंचीवर आडवा व सपाट कापावा आणि त्याच्या मधोमध ३ ते ४ सेंटिमीटर खोल उभा काप घ्यावा. कलमकाडीचे खालचे टोक दोन्ही बाजूंनी तेवढ्याच लांबीचे तासून पाचरीसारखे करावे. तासणे एकेका ओढीतच व्हावे; पुन्हापुन्हा खरडलेला पृष्ठभाग सपाट राहत नाही व जोडीत पोकळी उरते. सालीच्या आत व लाकडाच्या बाहेर जो ओला, हिरवट, निसरडा, कागदासारखा पातळ थर असतो, तोच वाढणारा व सांधणारा थर होय. खुंटाचा हा थर व काडीचा हा थर एकमेकांस चिकटले पाहिजेत. दोहोंची जाडी सारखी असेल तर दोन्ही बाजू आपोआप जुळतात. काडी बारीक असेल तर ती मधोमध न बसविता एका कडेस सरकवावी. एक बाजू पुरती जुळली तरी कलम जगते, पण मधोमध ठेवलेली काडी दोन्ही बाजूंनी उपाशी राहते. नवशिक्याची कलमे मरतात ती बहुधा येथेच. बसविल्याबरोबर प्लॅस्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट बांधावे, कापाचा कोणताही भाग उघडा ठेवू नये आणि काडीचे वरचे टोकही पट्टीने किंवा मेणाने बंद करावे. कापण्यापासून बांधण्यापर्यंत फार वेळ जाऊ देऊ नये. काप सुकला की तो थर मेला. चाकूला धार हवी आणि तो वरचेवर औषधी द्रावणात बुडवून पुसावा.

हे काम बहुतेक ठिकाणी कलमे बांधणाऱ्या टोळ्यांकडून नगावर करून घेतात. टोळीतील सराईत माणसाचा हात पाहण्यासारखा असतो. परंतु मजुरी नगावर असल्यामुळे घाई होते, आणि जगलेल्या कलमावर मजुरी ठरविली तर हात आपोआप सावकाश चालतो. असा करार अनेक बागाइतदार करतात व तो दोघांच्याही हिताचा आहे.

जोड सांधल्यानंतर

पंधरा ते वीस दिवसांत डोळे फुगून फुटू लागतात. पहिल्या फुटीवर विसंबून राहू नये. काडीत साठलेल्या अन्नावरही डोळा फुटतो आणि जोड सांधली नसेल तर दोनचार पाने टाकून सुकतो. फूट वीतभर वाढून पुढे जोमाने चालू लागली म्हणजे कलम धरले असे समजावे. मेलेल्या कलमाखाली हिरवा खुंट शिल्लक असतो. हंगाम संपण्यापूर्वी ते लगेच खाली कापून पुन्हा बांधता येते. म्हणून थोड्या काड्या शेवटपर्यंत वेलीवरच राखून ठेवाव्या.

खुंटावर जोडीखाली येणारी फूट दर आठदहा दिवसांनी काढावी. ती रानवेलीची असल्याने कलमाच्या फुटीहून जोरदार असते, आणि दुर्लक्ष झाले तर दोन महिन्यांत बांबूवर खुंटच चढलेला दिसतो. असे कित्येक बागांत घडते. मांडवावर पाने दाट दिसतात, पण त्या वेलीस खाण्याजोगे द्राक्ष लागत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पावसाळी हवेत कोवळ्या फुटीवर केवडा पडतो, म्हणून पावसाच्या झडीपूर्वीच संरक्षक फवारणी करून घ्यावी. पाणी बेताचे द्यावे. जोड पूर्ण भरल्यावर, साधारण दोनतीन महिन्यांनी, पट्टी उभी चिरून काढावी. ती राहिली तर खोडात रुतून गळफास बसतो.

थंडीत वाढ मंदावते. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीत हवा तापू लागली की, कलमाची वाढ जोडीच्या वर दोनतीन डोळे राखून परत कापावी. वाढलेली हिरवी वेल कापण्यास मन धजत नाही, पण पुढे खोड व ओलांडे ज्या काडीतून घडवायचे ती उन्हाळ्याच्या तोंडी एका जोमात वाढलेली व सरळ असावी लागते. त्याच वर्षी ओलांडे व मालकाड्या तयार करून ऑक्टोबरात पहिली फळछाटणी घेता येते. म्हणजे खुंट लावल्यापासून सुमारे दोन वर्षांनी पहिले पीक हाती येते. काडी थेट लावून केलेल्या बागेहून हा काळ काही महिने अधिक, आणि रोप व कलम ह्यांचा खर्चही अधिक. बँकेचे हप्ते ठरविताना तो आधीच धरावा.

पुढच्या वर्षांत एक गोष्ट मात्र दरसाल पाहावी लागते. वेलींच्या ओळीस मातीची भर लावताना, शेणखत टाकताना किंवा आच्छादन करताना जोड झाकली जाते. ओल्या मातीत गाडल्या गेलेल्या जोडीच्या वर थॉमसनच्या लाकडाला स्वतःची मुळे फुटतात, आणि पाहता पाहता वेल पुन्हा आपल्याच नाजूक मुळांवर जाऊन उभी राहते. वरून काहीच फरक दिसत नाही. चारपाच वर्षांनी पानांच्या कडा करपू लागतात तेव्हा खुंटाला दोष दिला जातो. दर पावसाळ्यानंतर ओळीतून चालत जाऊन जोड जमिनीच्या किमान वीतभर वर उघडी आहे ना, हे पाहावे; माती चढली असेल तर हाताने सारावी, आणि जोडीच्या वर मुळे दिसल्यास ती धारदार चाकूने बुडापासून कापून टाकावी.